थंड इंजिनाला काय लागतं

नमस्कार मंडळी. कार्यक्रम सकाळी सातलाच ठेवा, हा हट्ट माझा होता. संध्याकाळी शेकोटीभोवती बसू, असं ठरत होतं. पण संध्याकाळी आलेल्या गाड्या गरम असतात आणि गरम गाडीसमोर उभं राहून, थंडीत मोटारसायकल चालू का होत नाही, ते दुखणं समजत नाही. बाहेर लिंबाखाली तीन जुन्या गाड्या काल रात्रीपासून उघड्यावर उभ्या आहेत. त्यांना अजून कुणी किक मारायची नाही.

परभणीची थंडी तुम्हाला मी सांगायला नको. लाट आली की पारा दहाच्या खाली जातो आणि आठवडाभर वर येत नाही. इथं बसलेल्यांत निम्मे तरी असे आहेत, ज्यांना त्याच वेळी घराबाहेर पडावं लागतं. शेतातली लाईट रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला पहाटे तीनला निघायचं. दूध डेअरीला पोचवायचं. त्या वेळी गाडी चालू झाली नाही तर पाण्याची पाळी जाते, दूध नासतं. म्हणून हा विषय मला हौसेचा वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात एक दूधवाले काका आले. शंभर सीसीची जुनी गाडी, दोन्ही बाजूंना कॅन. म्हणाले, "मास्तर, पहाटं पन्नास किका मारल्या तरी चालूच होईना गेली. लेकराला उठवून धक्का मारावा लागतोय." प्लग बदलून झाला होता, कॉइल बदलून झालं होतं, आता बोअर करा म्हणून कुणी सांगितलं होतं. मी व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट पाहिले, करंट पाहिला, किकचा दाब पाहिला. सगळं जागेवर. मग कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, स्क्रू मोजला आणि विचारलं, "काका, उन्हाळ्यात गाडीला कुणाचा हात लागला होता का?" ते म्हणाले, "हो, मे महिन्यात अ‍ॅव्हरेज वाढवून घेतलं."

दुखणं तिथंच होतं. आपल्या भागात थंडीत अडून बसणाऱ्या ज्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत मोडलेलं असं काही नसतं. अ‍ॅव्हरेजसाठी त्यांचं पेट्रोल कमी केलेलं असतं. हे नीट समजावं म्हणून जरा मुळाशी जाऊ.

पेट्रोल पातळ असताना जळत नाही, त्याची वाफ जळते. चूल पेटवताना आपण आधी ओंडका लावत नाही. तुराट्या लावतो, त्या धरल्या की लाकूड सरकवतो. पेट्रोलमध्येही काही भाग तुराट्यांसारखा हलका असतो, थंडीतही तो चटकन वाफ होतो. बाकीचा भाग जड, त्याला ऊब लागते. इंजिन थंड असलं की कार्ब्युरेटरमधून निघालेले तुषार मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या, थंड भिंतीला लागतात, पुन्हा थेंब होतात आणि तिथंच चिकटून बसतात. प्लगपर्यंत वाफ पोचते ती थोडी. गरम इंजिनाला एक ग्रॅम पेट्रोल पुरं जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. थंड इंजिनाला मात्र सुरुवातीला त्याच हवेत दुप्पट-तिप्पट पेट्रोल द्यावं लागतं, तेव्हा कुठं ठिणगीजवळ जळण्याजोगी वाफ जमते. चोक आहे तो एवढ्यासाठीच. चार-सहा महिने उभ्या असलेल्या गाडीतल्या पेट्रोलच्या तुराट्या उडून गेलेल्या असतात. ती चालू होत नसेल तर आधी बाउल, म्हणजे कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी, खालच्या स्क्रूनं रिकामा करा, ताजं पेट्रोल येऊ द्या. मगच बाकीचं बघा.

आता हवेचं. मे महिन्यात ४२ अंश असतं, जानेवारीच्या पहाटे ८. त्या पहाटेची हवा मेच्या दुपारपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते. इंजिन दर फेऱ्याला तेवढीच जागा भरून हवा ओढतं, पण त्या जागेत हवेचं वजन जास्त येतं. जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून, येणारं पेट्रोल त्या मानानं वाढत नाही. म्हणजे मेमध्ये आधीच काठावर आणून ठेवलेलं मिश्रण जानेवारीत आपोआप आणखी हडकतं. काकांच्या गाडीचं हेच झालं होतं.

अ‍ॅव्हरेज वाढवणारा बहुधा एकच करतो, आयडलचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन सावकाश फिरतं तेव्हाचा, स्क्रू फिरवून स्लो जेटकडचं मिश्रण हलकं करतो, त्यातलं पेट्रोल कमी करतो. थ्रॉटल, म्हणजे मुठीनं पिळायची रेस, बंद असते तेव्हापासून साधारण एक-अष्टमांश उघडेपर्यंत इंजिन स्लो जेटवर चालतं. त्यानंतर कार्ब्युरेटरमधल्या वर-खाली सरकणाऱ्या पिस्टनच्या खालच्या कापाचा प्रभाव, पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये त्याच पिस्टनच्या सुईचा, म्हणजे नीडलचा, आणि पूर्ण उघडली की मेन जेटचा. किक मारताना थ्रॉटल बंद असते. म्हणजे गाडी चालू होणं जवळजवळ सगळं स्लो जेटवर अवलंबून. नेमका तोच कमी केला की दोन-चार किलोमीटर जास्त मिळतात आणि पहाट हातची जाते. उन्हाळ्यात इंजिन तापतं ते वेगळंच. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो ना, तो पुष्कळदा याच हलक्या मिश्रणाचा असतो. मला या सवयीचा मनापासून राग आहे, कारण भुर्दंड नेहमी गरीब माणसाला पडतो.

आता गाडी चालू कशी करायची. चोक दोन प्रकारचे असतात. एकात कार्ब्युरेटरच्या तोंडावर पाकळी आडवी येते, हवा अडते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. दुसऱ्यात पाकळी नसते. पेट्रोलची वेगळी छोटी वाट असते आणि चोक ओढला की तिचं दार उघडतं. यामाहा आरएक्स १०० ला असा चोक आहे. ही वाट चालते ती इंजिनाच्या ओढीवर, आणि ती ओढ थ्रॉटल बंद असतानाच जोरात असते. चोकही ओढायचा आणि थ्रॉटलही पिळायची, म्हणजे एका हातानं दिलेलं दुसऱ्यानं काढून घ्यायचं. या गाड्यांना थ्रॉटलला हात लावू नका. जुन्या येझदी-जावाला चोकऐवजी टिकलर असतो. तो दाबला की बाउलमधला तरंगता फ्लोट खाली जातो आणि पेट्रोलची पातळी वर चढते. पेट्रोल ओघळायला लागलं की बोट काढायचं, धरून ठेवायचं नाही.

चावी बंद ठेवून, चोक ओढून दोन-तीन किका सावकाश मारा. पेट्रोल आत ओढलं जातं, थंडीनं घट्ट झालेलं ऑइलही जरा सैल होतं. मग चावी चालू करून एकच पूर्ण किक, वरपासून खालपर्यंत. अर्ध्या किकांनी प्लग भिजतो, दुसरं काही होत नाही. भिजलाच तर काढून कोरडा करा.

स्क्रूला हात लावायच्या आधी टॅपेटची गॅप मॅन्युअलप्रमाणे थंड इंजिनावर बघा. टॅपेट टाइट असेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब निघून जातो आणि कार्ब्युरेटर बिचारा उगीच शिव्या खातो. आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर तर बघितलाच पाहिजे. मॅनिफोल्ड हवा घेतंय का, तेही तपासा: गाडी आयडलवर ठेवून जोडाभोवती थोडं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर तिथली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, गेलेली आहे. यासाठी पेट्रोल शिंपडणारे मी पाहिलेत. असं कधीही करू नका, गरम सायलेन्सर वीतभर अंतरावर असतो.

स्लो जेटच्या भोकाबद्दल थोडं थांबतो. लहान गाड्यांत ते साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटरचं असतं. माणसाचे पाच-सहा केस एकत्र धरा, तेवढंच. त्यात कचरा अडकला की क्लचच्या वायरचा तुकडा घालून साफ करायची पद्धत आहे. ती वायर पोलादी आणि जेट पितळी. भोक झिजतं, मोठं होतं, आणि पुढं कुठलाच स्क्रू त्या गाडीला ताळ्यावर आणत नाही. मी स्वतः तरुणपणी एका माणसाचा जेट असाच बिघडवला आणि नवीन मिळेपर्यंत त्याची गाडी महिनाभर उभी राहिली. तेव्हापासून हवेचा झोत, नाहीतर तांब्याची बारीक तार, तीही हलक्या हातानं.

आता स्क्रू. आधी हलकेच आत बसवा आणि किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा. दाबून आवळलात तर टोक मोडतं. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो: बाहेर काढला की मिश्रण हलकं, आत नेला की दाट. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रित हवा सोडतो, म्हणजे नेमकं उलटं. अर्धे गोंधळ हा फरक न बघितल्यानं होतात. दीड फेऱ्यावर सुरुवात करा. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून पुरती गरम करा, मग पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सगळ्यात वेगानं कुठं फिरतं ती जागा शोधा. आयडल खाली आणा, पुन्हा शोधा. शेवटी त्या जागेपासून अगदी थोडं दाट बाजूला ठेवा. जानेवारीसाठी एवढं सोडावंच लागतं.

बरोबर झालं का, हे दुसऱ्या दिवशीची पहाट सांगते. कडाक्याच्या थंडीत चोकशिवाय चालू झाली तर मिश्रण जास्त दाट आहे. चोक पाच-पाच मिनिटं ठेवावा लागला तर हलकं. एखाद्या मिनिटात चोक सोडता आला की जमलं. प्लगचा रंगही बघा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हवा, काजळी नको, पांढराफटक नको.

एक गोष्ट नवी आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासूनही होतं, आपल्याच शिवारातला ऊस टाकीत परत येतो म्हणा. शेतकरी म्हणून मला त्याचं समाधान आहे. पण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे १४.७ च्या जागी सुमारे १३.५ ग्रॅम हवाच पुरते. जुना जेट तोच राहिला तर मिश्रण हलकं पडतं. वाफ व्हायला इथेनॉलला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि ते पाणी शोषतं. म्हणून जुन्या गाडीचा बाउल हिवाळ्यात महिन्यातून एकदा रिकामा करा. खाली पाणी दिसलं तर टाकीही बघावी लागेल.

काकांच्या गाडीचा स्क्रू मी पाऊण फेरा दाट बाजूला आणला आणि स्लो जेट हवेनं साफ केला. दुसऱ्या पहाटे तिसऱ्या किकला चालू झाली. अ‍ॅव्हरेज थोडं उतरलं, ते त्यांना आधीच सांगितलं होतं.

चला, ऊन वर यायच्या आत बाहेर जाऊ. पहिल्या गाडीला हात लावण्याआधी तिचा स्क्रू कोणत्या बाजूला आहे, ते तुमच्यापैकी एकानं मला दाखवायचं.