जाहिरात निघेपर्यंत

२००१ साली तामिळनाडू सरकारच्या तिजोरीत खडखडाट होता. खर्च आवरायचा म्हणून बहुतेक खात्यांची भरती थांबवली गेली. पोलीस, शिक्षक, डॉक्टर यांना वगळलं. पण ज्या पदांसाठी पोरं वर्षानुवर्षं परीक्षा देतात, त्या जागा जवळपास आटल्या. २००६ पर्यंत हेच चाललं. आता सांगा, जागाच निघत नाहीत म्हटल्यावर पोरांनी काय करायला हवं होतं? दुसरं काम धरायला हवं होतं, असंच कुणीही म्हणेल.

कुणाल मंगल या अर्थतज्ज्ञाने ही भरतीबंदी अभ्यासली, तेव्हा उलटच चित्र दिसलं. जागा घटल्या तशी पोरं अभ्यासाला आणखी चिकटून बसली; काम न धरता तयारीतच राहिली. यापुढची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. बंदी उठून दहा वर्षं झाल्यावरही त्या पिढीची कमाई मागे पडलेली होती. ‘अभ्यास कधी वाया जात नाही, कुठे ना कुठे उपयोगी पडतो’ हे आपण किती सहज बोलतो! बाजारात त्या अभ्यासाला भाव मिळाला, असं या आकड्यांवरून तरी दिसत नाही.

म्हणून पोरांना वेडं ठरवू नका. याच संशोधकाने पुण्यात तयारी करणाऱ्यांशीही बोलून हिशेब मांडला. सरकारी नोकरीचं त्यांच्या लेखी जे मोल आहे, त्यात पगाराचा वाटा लहान निघाला. मोठा वाटा बाकीच्या गोष्टींचा. त्या कोणत्या, हे या सभागृहात मी सांगायची गरज नाही. ज्यांच्या घरात लग्नाची बोलणी चालू आहेत त्यांना विचारा.

सदाशिव पेठेतली, नवी पेठेतली अभ्यासिका पाहा. महिन्याचं भाडं भरून मिळवलेलं एक टेबल, भिंतीला चिकटवलेला नकाशा, मेसचा डबा, आणि ‘दोन मार्कांनी गेलं’ हे वाक्य. ते खरंही असतं. पण त्या दोन मार्कांच्या पट्ट्यात आपल्यासारखे किती जण अडकलेत, हे त्या पोराला दिसत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेमागे दोनशेच्या वर. त्यात आपण कुठे उभे आहोत याचा अंदाज उमेदवाराला नीट बांधता येत नाही, आणि मंगल यांनाही तयारी ताणून धरण्यामागे हे एक कारण दिसलं.

यावर सरकार काय करतं? वयोमर्यादा वाढवतं. खुल्या गटासाठी ती २०१६ मध्ये ३३ वरून ३८ झाली. टाळ्या पडल्या. माझं मत कटू वाटेल, पण ती पाच वर्षं आपण पोरांना दिली की त्यांच्याकडून घेतली, हे कुणी तपासायला हवं होतं. उलट टोकाचा उपायही झाला: २०२० च्या डिसेंबरात एमपीएससीने संधींची संख्या बांधून दिली, पुढे तो निर्णय मागे घेतला. बरं झालं. गावाकडून आलेल्या पोराच्या पहिल्या दोन संधी तर परीक्षा समजून घेण्यातच जातात.

मला यापेक्षा स्वस्त गोष्टी हव्या आहेत. एक म्हणजे पाळलं जाणारं वेळापत्रक. मार्च २०२१ मध्ये परीक्षा तोंडावर असताना पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर का उतरली? खोलीचं भाडं, घरी दिलेला शब्द, सगळं त्या तारखेवर टांगलेलं होतं. दुसरं, निकालासोबत प्रत्येकाला त्याचं स्थान कळवा: तुमच्या पुढे इतके हजार, आणि एवढे मागे असलेल्यांपैकी पुढच्या दोन वर्षांत निवड झालेले इतके. आकडे आयोगाकडेच असतात. आणि बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था तयारीसाठी विद्यावेतन देतात, तसं तयारी सोडून दुसरं काम शिकू पाहणाऱ्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या पोरालाही सहा महिन्यांचं द्या. मात्र ते आधी दोन-चार जिल्ह्यांत देऊन बघा, शेजारच्या जिल्ह्यांशी ताडून बघा, मगच राज्यभर न्या.