चेलोवरचे तुर्की मकाम

श्रोतेहो, नमस्कार.

चेलो म्हटलं की आपल्याला युरोपचा वाद्यवृंद आठवतो. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इस्तंबूलच्या तानबुरी जेमिल बे यांनी चेलो हाती घेतला, तो मकाम वाजवण्यासाठी. मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखी तिकडची स्वरचौकट. तुर्की पद्धतीत एका पूर्ण स्वरांतराचे नऊ भाग मानतात. एकेका भागाला ‘कोमा’ म्हणतात. हे बारीक स्वर पियानोवर निघायचे नाहीत. चेलोला मात्र पडदेच नाहीत, बोट टेकेल तिथे स्वर! आमच्या सारंगियांना हे वेगळं सांगायला नकोच.

जेमिल बे १८७३ साली जन्मले आणि १९१६ मध्ये गेले. तानबूर, केमेंचे, लावता ही तिकडची तंतुवाद्यं आणि चेलो, सगळ्यांवर त्यांचा हात चाले, आणि सुदैवानं त्यांच्या तबकड्या उरल्या आहेत. चेलोवरचे तक्सिम ऐका. तक्सिम म्हणजे तालाविना, आयत्या वेळी रचलेलं वादन. आपल्या आलापाचं सख्खं नाही, तरी चुलत भावंड. फरक असा की तक्सिममध्ये वादक दुसऱ्या मकामात डोकावून परत येतो, आणि इथं तर तबकडीच्या एका बाजूवर मिळतात जेमतेम तीन मिनिटं. एवढ्यात तो गज असा काही फिरतो की खरखरीकडे लक्षच जात नाही.

त्यांचा मुलगा मेसूत जेमिल. त्यानं बर्लिनला जाऊन चेलोचं रीतसर शिक्षण घेतलं, पण तानबूरही सोडला नाही. शेरिफ मुहिद्दीन तारगान हे ऊद, म्हणजे छेडून वाजवायचं एक तंतुवाद्य, आणि चेलो दोन्हींत पारंगत. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मैफली केल्या, पुढे बगदादच्या संगीतसंस्थेचे प्रमुख झाले. तिथं त्यांच्या हाताखाली इराकी ऊदवादक मुनीर बशीर तयार झाले.

दरम्यान तुर्कस्तानात प्रजासत्ताक आलं, आणि त्याला पाश्चात्त्य संगीत हवं होतं. १९३४ ते १९३६ या काळात तर पारंपरिक तुर्की संगीताला रेडिओवर बंदी होती. रेडिओवर बोलताना हे सांगायला मला जरा विचित्रच वाटतं.

याच पिढीतले संगीतकार हसन फेरित आल्नार. लहानपणी कानून, म्हणजे संतूरसारखं पण छेडून वाजवायचं वाद्य, वाजवणारा हा मुलगा व्हिएन्नात शिकला आणि १९४३ मध्ये त्यानं चेलो कॉन्चेर्तो, म्हणजे चेलो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, लिहिला. वाद्यवृंद पाश्चात्त्य, पण चेलोची चाल मकामाच्या वळणाची.

दुसरे तुर्की संगीतकार अहमद अदनान सायगून यांचा मार्ग निराळा. १९३६ मध्ये ते हंगेरीचे संगीतकार बेला बार्तोक यांच्याबरोबर अनातोलियात लोकगीतं गोळा करत हिंडले. त्यांचा ओपस ३१, म्हणजे एकतिसाव्या क्रमांकाची रचना, ही एकट्या चेलोसाठी लिहिलेली पार्तिता, छोट्या तुकड्यांची मालिका. वाद्यवृंदाचा आधार नाही, चारच तारा. माझं मत विचाराल तर त्यांच्या उतारवयातल्या चेलो कॉन्चेर्तोपेक्षा ही पार्तिता सरस आहे. पण सुरुवात जेमिल बेंच्या तबकड्यांपासून करा. नंतर आल्नार ऐकाल तेव्हा त्याच्या चेलोत कानून वाजवणारा तो मुलगा चटकन ओळखू येईल.