आधी कान, मग कात्री

नमस्कार श्रोतेहो.

जूनमध्ये कॉलेजात प्रवेश सुरू झाले की मास मीडियाच्या टेबलापाशी आई-वडील एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, एडिटिंग शिकवता म्हणजे सॉफ्टवेअर शिकवता ना? कुठलं?" फी भरणाऱ्याने हे विचारायलाच हवं. पण या विद्येतला सगळ्यात सोपा भाग म्हणजे सॉफ्टवेअर. डाविंची रिझॉल्व्हची फुकट मिळणारी आवृत्तीसुद्धा विद्यार्थ्याला पुरून उरते आणि आताची मुलं बघता बघता त्यावर हात बसवतात. काय ठेवायचं, काय काढायचं आणि कुठे थांबायचं, हे कळायला मात्र तीनही वर्षं लागतात. माझा अनुभव असा की हे शहाणपण आधी कानाला येतं, डोळ्यांना मागाहून. आणि हे रेडिओवरून सांगायला मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे.

लालबागची एक विद्यार्थिनी होती. तिची मोठी आत्या तिथेच पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे कणीक तिंबायची, आठाच्या आत पहिले डबे गेलेले असायचे. पहिल्या वर्षी या मुलीने त्यावर चार मिनिटांची फिल्म केली. वाफ स्लो मोशनमध्ये, दर दोन सेकंदांनी कट, मध्ये मध्ये गरगर फिरणारी ट्रान्झिशन्स आणि खाली पहिल्यापासून शेवटपर्यंत गिटार. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी एवढंच विचारलं, "आत्याचा आवाज कसा आहे गं?" कारण फिल्मभर आत्या एक अक्षर बोलत नव्हती. लाटण्याचा नाही, तव्याचा नाही, कसलाच आवाज नव्हता. एक्झॉस्ट फॅनची घरघर नको म्हणून तिने सगळा मूळ आवाज बंद करून टाकला होता.

त्या वर्षी मी मुलांना कॅमेरा न घेता बाहेर पाठवलं. दादरच्या पुलावर जा, कठड्याला टेकून डोळे मिटा आणि काय ऐकू येतं ते लिहून आणा. पहिल्यांदा सगळ्यांनी लिहिलं, "गर्दीचा आवाज." परत पाठवल्यावर वहीत तपशील उतरू लागले. फुलबाजारातली हाकाटी, फास्ट लोकल सुटून गेल्यावर मागे राहणारी पत्र्याची थरथर, फेरीवाल्याची ठरावीक चाल, घोषणेच्या आधीची ती छोटी धून. ज्याला हे वेगवेगळं ऐकू येतं त्याला उद्या टाइमलाइनवर, म्हणजे चित्र-आवाजाचे तुकडे क्रमाने लावायच्या पट्टीवर, ते वेगवेगळ्या ट्रॅकवर मांडता येतं.

लोकलमध्ये "पुढील स्टेशन करी रोड" हे आपल्याला आधी ऐकू येतं आणि प्लॅटफॉर्म खिडकीत नंतर येतो. आवाजाने मन पुढे गेलेलं असतं, दृश्य मागून येऊन त्याला गाठतं. एडिटिंगमध्ये याला, इंग्रजी J या अक्षरावरून, ‘जे कट’ म्हणतात. याच्या उलट, चित्र बदललं तरी आधीच्या प्रसंगाचा आवाज थोडा वेळ रेंगाळू दिला की तो एल कट. हे दोन कट हाताला जमले की विद्यार्थ्याच्या कामातला धक्के खाण्याचा भाग निम्म्याने कमी होतो. आणखी एक साधी सवय: शूटिंग संपलं की सगळ्यांना गप्प करून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट टिपून ठेवायचा. त्याला रूम टोन म्हणतात. पंख्याची घरघर त्यातच येते. दोन वाक्यांमधलं काही काढलं तर तिथे पूर्ण शांतता टाकून चालत नाही, कानाला ती खड्ड्यासारखी लागते. तिथे हा रूम टोन भरतात.

तांत्रिक अडचणी येतात, त्या येऊ द्याव्यात. मोबाइलवर चित्रण केलं आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला, तर लांबलचक मुलाखतीच्या शेवटी ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे असं होऊ शकतं. बरेच फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत, प्रकाशाप्रमाणे तो कमी-जास्त करतात. मग सेकंदाला 25 फ्रेम असा वेग ठरवून देणारं अ‍ॅप वापरायचं आणि शॉटच्या सुरुवातीला नि शेवटी कॅमेऱ्यासमोर खणखणीत टाळी वाजवायची. टाळीची फ्रेम आणि टाळीचा आवाज जुळला की बाकीचं जुळतं. दुसऱ्या वर्षापर्यंत लालबागच्या त्या मुलीकडे एक जाड वही झाली होती. रशेस, म्हणजे न कापलेलं सगळं चित्रण, बघून प्रत्येक शॉटपुढे ती वेळ आणि दोन शब्द लिहायची: "हात चांगले", "फोकस गेला", "इथे आत्या हसते".

लालबागपासून दादर हाकेच्या अंतरावर. आज जिथे दादासाहेब फाळके मार्ग आहे त्या भागात फाळक्यांनी आपला पहिला कथापट तयार केला आणि 3 मे 1913 रोजी तो गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. मी मुलांना त्याच्या आधीची गोष्ट सांगते. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप वाढताना थोड्या थोड्या फ्रेम घेत राहिले. पडद्यावर क्षणांत उगवणाऱ्या त्या रोपामागे किती दिवस वाट बघावी लागली असेल! आणि अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं किचकट काम सरस्वतीबाई फाळके करत. घरच्या माणसांचं रांधून-वाढून झाल्यावर हे काम. भारतीय सिनेमाच्या पायाभरणीत त्यांचं नाव दादासाहेबांइतक्याच मोठ्याने घ्यायला हवं असं माझं ठाम मत आहे. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून एडिटिंग शिकून आलेल्या रेणू सलूजा यांनी याच मुंबईत काम करून संकलनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. "मुलीला रात्री-अपरात्री एडिट रूममध्ये कुठे बसवायचं?" म्हणणाऱ्या पालकांना मी ही दोन नावं सांगते.

तिसऱ्या वर्षी ती मुलगी पुन्हा आत्याकडेच गेली. या वेळी कॉलरला माइक लावून तिने आत्याला बोलतं केलं. जानेवारी 1982 मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत आत्याचे यजमान होते. घरात पैसा येईना म्हणून आत्याने शेजारच्यांच्या पोळ्या लाटायला घेतल्या, तेच पुढे हे केंद्र झालं. सांगता सांगता ती दिरावर आली. दीर मध्येच कामावर परतला होता. दोघे भाऊ त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. आत्या त्याच्याविषयी जे बोलली ते फार धारदार होतं. वर्गात रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, दाखवला तेव्हा त्या वाक्यावर सगळे सावरून बसले. फिल्मचा कणाच होता तो.

मी तिला म्हटलं, लॉक करण्याआधी, म्हणजे फिल्म पक्की करण्याआधी, आत्याला दाखव. तिने लॅपटॉप नेऊन ओट्यावर ठेवला. आत्याने हात पुसत पुसत पाहिलं आणि म्हणाली, "हे भाऊजींचं काढ गं बाई. ते आता नाहीत जगात. त्यांची मुलं बघतील."

मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. कायद्याने तिला ते ठेवता आलं असतं, आत्याने संमतीच्या कागदावर सही केली होती. मी निर्णय तिच्यावर सोपवला. तिने ते वाक्य काढलं, आणि मग जे केलं त्यासाठी मला तिचा आजही अभिमान वाटतो. वाक्य संपल्यानंतरचं चित्रण तिने परत काढून पाहिलं. वहीत तिथे लिहिलं होतं, "आत्या गप्प. बेकार." आत्या बोलायची थांबते, परातीतला गोळा उचलते, पिठात घोळवते, लाटायला लागते. पोळपाटाचा एक पाय आखूड, म्हणून लाटणं फिरलं की टक् टक् होतं. तिने "मग भाऊजी कामावर गेले" एवढंच वाक्य ठेवलं आणि पुढे हा शॉट अकरा सेकंद, एकही कट न करता. त्या टक् टकखाली पंख्याची घरघर, जी तिने पहिल्या वर्षी पुसून टाकली होती. फिल्म दाखवली तेव्हा त्या अकरा सेकंदांत वर्गात कुणी मोबाइलकडे पाहिलं नाही.

आता ती अंधेरीला एका एडिट रूममध्ये सहायक आहे. आवाज जुळवणं, फाइलींना नावं देणं, दोन-दोन जागी कॉपी ठेवणं, असं काम. कंटाळवाणं वाटतं, पण मोठे एडिटर इथूनच घडतात, कारण सगळ्या रशेस पहिल्यांदा यांच्याच नजरेखालून जातात. सुट्टीच्या दिवशी ती पेडर रोडच्या गुलशन महलातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय कॉलेजच्या धाकट्या मुलांना दाखवायला नेते. तुमच्या घरात सिनेमाचं वेड घेतलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर एकदा जरूर पाठवा.

आणि पालकहो, महागडा कॅमेरा मागितला तर थोडं थांबा. घरातल्या फोनवर पहिली दोन वर्षं निभतात. आधी एक बरा कॉलर माइक, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि दोन हार्ड डिस्क घेऊन द्या. मग आजीला, मामाला, शेजारच्या काकूंना एक तासभर मुलांसमोर बसून बोलायला तयार करा. नमस्कार.