फ्लोरिडा २०००: मोजणीच्या आधीच गेलेली मतं

[थेट कॅमेऱ्याकडे. मागे फ्लोरिडाचा नकाशा.]

२९,१२,७९० वजा २९,१२,२५३. उत्तर ५३७.

२००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या जॉर्ज बुश यांनी फ्लोरिडा राज्य डेमोक्रॅट पक्षाच्या अल गोर यांच्याकडून एवढ्याच मतांनी जिंकलं, असं अधिकृतपणे जाहीर झालं. राज्याची २५ इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष ठरवणारी राज्यागणिक वाटलेली मतं, त्यांना मिळाली, एकूण बेरीज २७१ झाली आणि लागत होती २७०. देशभरात गोर यांना ५ लाखांहून जास्त मतं अधिक पडली होती, पण तिथे ती बेरीज कुणी विचारत नाही.

या निवडणुकीचा एक फोटो तुम्ही पाहिला असेल. चष्मा कपाळावर चढवून, भिंगातून मतपत्रिका डोळ्यांजवळ धरून बघणारे एक न्यायाधीश. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीतला फोटो आहे; काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. माझं मत विचाराल तर त्या फोटोनेच सगळ्यांची दिशाभूल केली. भांडण मतपत्रिकेत मत म्हणून पाडलेल्या भोकांवरून होतं, असंच लोकांच्या डोक्यात बसलं. भोकांवरून भांडण झालं, ते खरं. पण त्याआधी कितीतरी जास्त मतं गेली होती, आणि ती भिंगाखाली कधी आलीच नाहीत. आज आपण त्या मतांचा माग काढू. ५३७ हा आकडा तेवढा डोक्यात ठेवा.

[स्क्रीनवर: ६७ काउंटी]

आधी कारभार कुणाचा ते बघू. आपल्याला एक निवडणूक आयोग, एक यंत्र, एक पद्धत याची सवय आहे. फ्लोरिडात ६७ काउंटी, प्रत्येकीत निवडणुकीचा एक सुपरवायझर, आणि तोही बहुतेक ठिकाणी पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला. मतपत्रिका कशी छापायची, यंत्र कुठलं घ्यायचं, हे त्या काउंटीने ठरवायचं. वर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुकांच्या मुख्य अधिकारी, कॅथरीन हॅरिस. निकालावर सही त्यांची, आणि त्याच बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सहअध्यक्ष. गव्हर्नर जेब बुश, म्हणजे उमेदवाराचे सख्खे भाऊ. निकाल प्रमाणित करणाऱ्या समितीतून ते बाजूला झाले. दुसऱ्या बाजूलाही बघा: राज्याचे ॲटर्नी जनरल बॉब बटरवर्थ हे गोर यांच्या प्रचाराचे फ्लोरिडातले प्रमुख. हे सगळं उघड होतं आणि कायद्यात बसत होतं.

आता मतदार यादी.

फ्लोरिडाच्या १८६८ च्या राज्यघटनेपासून नियम असा, की गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली की मताधिकार गेला. शिक्षा भोगून झाली तरी तो आपोआप परत मिळत नव्हता. १९९७ मध्ये मायामीच्या महापौर निवडणुकीत टपाली मतांचा घोटाळा उघडकीला आला, तेव्हा १९९८ मध्ये कायदा झाला: मतदार याद्या साफ करा, आणि ते काम खासगी कंपनीला द्या. डेटाबेस टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीला सुमारे ४० लाख डॉलरचं कंत्राट मिळालं.

काम काय, तर गुन्हेगारांची यादी आणि मतदारांची यादी एकमेकींवर ठेवायची आणि सारखी नावं काढायची. खरी मेख इथे आहे. सारखी म्हणजे किती सारखी? आडनावातली ८० टक्के अक्षरं जुळली तरी पुरे, असं ठरलं. पहिलं आणि मधलं नाव उलटसुलट असलं तरी चालेल. नावापुढे ज्युनियर असो की सीनियर, सोडून द्या. आपल्याकडे कल्पना करा, 'पाटील सुरेश रमेश' आणि 'पाटील रमेश सुरेश' एकच माणूस धरला तर काय होईल? बापाच्या गुन्ह्यासाठी पोराचं मत जाईल. कंपनीने सांगितलं होतं की अशाने चुकीची नावं येतील. राज्याच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं, येऊ देत, अंतिम पडताळणी काउंटीने करावी.

काउंटीने केलं काय? मतदाराला पत्र पाठवलं: तुम्ही गुन्हेगार दिसता, नसाल तर सिद्ध करा. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, किंवा माणसाने मनावर घेतलं नाही, की नाव कापलं. शंका सरकारची आणि पुरावा मतदाराने द्यायचा.

[स्क्रीनवर: ५७,७००]

यादीत सुमारे ५७,७०० नावं आली. सगळीच कापली गेली नाहीत, कारण काही सुपरवायझरनी ती यादी हातातही धरली नाही. मॅडिसन काउंटीच्या सुपरवायझर लिंडा हॉवेल यांचं तर स्वतःचंच नाव गुन्हेगार म्हणून आलं होतं! पण जिथे यादी वापरली तिथे काय झालं? मायामी-डेडमध्ये यादीतल्या दर ७ जणांपैकी निदान एकाचं नाव चुकून आलं होतं, असं नागरी हक्क आयोगाने नंतर नोंदवलं. त्याआधी आणखी एक प्रताप झाला होता. टेक्सासमधून आलेल्या सुमारे ८,००० नावांमध्ये किरकोळ गुन्हे असलेली माणसं होती. किरकोळ गुन्ह्याने मताधिकार जात नाही. ती नावं पुढे मागे घ्यावी लागली.

आणि ही चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. नाव जुळवताना वंशही बघितला जात होता. तुरुंगाच्या नोंदींत कृष्णवर्णीयांचं प्रमाण जास्त, त्यामुळे चुकीची जुळणी झाली की ती दुसऱ्या कृष्णवर्णीयावरच जाऊन पडायची. राज्याच्या मतदारांत ते ११ टक्क्यांच्या आसपास, या यादीत ४४ टक्के. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे मतदार मात्र जवळजवळ सुटले. का? गुन्हेगारांच्या नोंदींत त्यांच्यासाठी 'हिस्पॅनिक' असा रकानाच नव्हता, मतदार यादीत होता. रकाने जुळले नाहीत, माणसं जुळली नाहीत. २००४ मध्ये नवी यादी आली तेव्हा जवळपास ४८,००० नावांत हिस्पॅनिक निघाले फक्त ६१. हे वर्तमानपत्रांत आल्यावर ती यादी रद्द करावी लागली. फ्लोरिडातले क्यूबन वंशाचे मतदार बहुतेक रिपब्लिकन आणि कृष्णवर्णीय मतदार दहात नऊ डेमोक्रॅट. कुणी जाणूनबुजून केलं की निष्काळजीपणाने, यावर वाद घालता येईल. परिणाम कुठल्या बाजूला झुकला, यावर नाही.

मतदानाच्या दिवशी केंद्रावर नाव नाही म्हटल्यावर कर्मचारी काउंटीच्या कार्यालयात फोन लावायचे. फोन तासन्‌तास एंगेज. माणसं परत गेली.

[हातात मतपत्रिकेची छापील प्रत]

ज्यांना आत जाता आलं, त्यांच्यापुढे आता ही आली. पाम बीच काउंटीची फुलपाखरू मतपत्रिका. अध्यक्षपदाला १० उमेदवार होते आणि काउंटीत वयस्कर मतदार भरपूर. अक्षरं मोठी हवीत म्हणून सुपरवायझर थेरेसा लेपोर यांनी, ज्या डेमोक्रॅट होत्या, नावं समोरासमोरच्या दोन पानांवर पसरली. भोकांची ओळ मधोमध. डावीकडे पहिलं नाव बुश, दुसरं गोर. पण उजवीकडून पॅट ब्यूकॅनन यांचं नाव मध्ये घुसतं. त्यामुळे दुसरं नाव गोर, पण दुसरं भोक ब्यूकॅनन यांचं! गोर यांचं भोक तिसरं.

ब्यूकॅनन यांना तिथे ३,४०० च्या वर मतं पडली. शेजारच्या, जास्त मतदारांच्या ब्रॉवर्डमध्ये ८०० सुद्धा नाहीत. हा योगायोग नव्हता, हे कसं कळतं? पाम बीचची टपाली मतपत्रिका साधी, एका बाजूला नावं असलेली होती. त्याच काउंटीत टपाली मतांमध्ये ब्यूकॅनन यांना हजारी साधारण २.२, आणि मतदानाच्या दिवशी हजारी ८.५. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी यावरून २,००० हून जास्त मतं चुकून गेल्याचा हिशेब मांडला. स्वतः ब्यूकॅननही टीव्हीवर म्हणाले की यातली बरीच मतं आपली नसावीत.

हे एवढ्यावर थांबलं नाही. कित्येकांना चूक लक्षात आली आणि त्यांनी गोर यांचंही भोक पाडलं. दोन भोकं म्हणजे मत बाद. असली दुहेरी मतं पाम बीचमध्ये १९,००० च्या वर. यात मुद्दाम केलेलं काही नव्हतं. मतपत्रिकेचा नमुना आधी सगळ्यांनी पाहिला होता, दोन्ही पक्षांनी. कुणी हरकत घेतली नाही.

ड्यूव्हल काउंटी, म्हणजे जॅक्सनव्हिल शहर. तिथे अध्यक्षपदाची नावं दोन लागोपाठच्या पानांवर गेली, आणि वर्तमानपत्रात छापलेल्या नमुन्यात सूचना होती: प्रत्येक पानावर मत द्या. सांगितल्याप्रमाणे वागलेल्या माणसाने दोन अध्यक्ष निवडले आणि त्याचं मत गेलं. सुमारे २२,००० दुहेरी मतं, त्यातली पुष्कळशी शहरातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधली.

आता गॅड्सडेन आणि लिऑन. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते ती हीच जोडी. दोन्ही काउंटी शेजारी, दोन्हीकडे गोल रंगवायची कागदी मतपत्रिका आणि स्कॅनर. गॅड्सडेन ही राज्यातली एकमेव कृष्णवर्णीय बहुसंख्य काउंटी, आणि गरीब. लिऑनमध्ये राज्याची राजधानी टॅलाहासी. गॅड्सडेनमध्ये दर ८ मतांमागे जवळपास एक बाद. लिऑनमध्ये १ टक्क्याहूनही पुष्कळ कमी. लिऑनचे मतदार जास्त हुशार होते का? नाही हो. लिऑनमध्ये स्कॅनर मतदान केंद्रावरच होता. चुकीची मतपत्रिका घातली की यंत्र ती बाहेर फेकायचं, मतदार नवी मागून घ्यायचा. गॅड्सडेनमध्ये सगळ्या मतपत्रिका गोळा करून मुख्य ठिकाणी नेत आणि तिथे स्कॅन करत. तिथे चूक कळायची ती यंत्राला. मतदार तोवर घरी जाऊन जेवलेला असायचा. एस्कांबिया आणि मॅनाटी या काउंटींत तर केंद्रावर यंत्रं होती, पण मतपत्रिका परत करण्याची सोय बंद ठेवली होती.

[स्क्रीनवर: सुमारे १,७५,०००]

राज्यभरात मोजली न गेलेली अशी मतं साधारण पावणेदोन लाख. त्यातली १ लाख १३ हजारांच्या वर दुहेरी, ६१ हजारांच्या वर यंत्राला कोरी वाटलेली. कृष्णवर्णीय मतदाराचं मत बाद होण्याची शक्यता इतरांपेक्षा जवळपास दहापट होती, असा नागरी हक्क आयोगाचा निष्कर्ष. आयोगातल्याच दोन सदस्यांनी त्या हिशेबाच्या पद्धतीवर हरकत घेतली होती, हेही सांगायला हवं.

आता ती प्रसिद्ध भोकं. पंचकार्डावर टोचणीने दाबलं की टिकलीएवढा चौकोनी तुकडा पडायला हवा. त्याला चॅड म्हणतात. कार्ड खिळ्यांवर नीट बसलं नाही, खालची रबरी पट्टी कडक झाली, किंवा आधीचे तुकडे साचून राहिले, की तो पडत नाही. एका कोपऱ्याने लटकतो, दोन कोपऱ्यांनी झुलतो, नाहीतर नुसताच फुगतो. यंत्रातून जाताना तो परत भोकावर बसला की मत कोरं. कायदा म्हणत होता, मतदाराचा हेतू बघा. किती कोपरे सुटले म्हणजे हेतू झाला, ते कायद्यात नव्हतं. पाम बीचने तर मोजता मोजताच कसोटी बदलली.

शेवटी घड्याळ. पक्षपाताचं बोट इथे सरळ दाखवता येतं. कायद्याचं एक कलम म्हणे, ७ दिवसांत न आलेले निकाल दुर्लक्षित केलेच पाहिजेत. दुसरं म्हणे, करता येतील. मोठ्या काउंटीत हातमोजणी ७ दिवसांत उरकत नाही, आणि ती मागण्याचा हक्क मात्र कायद्यातच. हॅरिस यांनी १४ नोव्हेंबरची मुदत धरली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती २६ नोव्हेंबर, रविवार संध्याकाळी ५ वाजेपर्यंत वाढवली. रविवारी कार्यालय बंद असेल तर सोमवारी सकाळी ९. हॅरिस यांनी रविवारी कार्यालय उघडं ठेवलं! पाम बीचच्या मोजणी मंडळाने थोडा वेळ मागितला, मिळाला नाही. त्यांची मोजणी दोनेक तासांनी संपली. अर्थात, त्याच मंडळाने गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी घेतली होती. मायामी-डेडमध्ये १०,७५० कोरी मतं हातात घ्यायची होती, तर २२ नोव्हेंबरला बाहेर रिपब्लिकन कार्यकर्त्यांनी गोंधळ घातला आणि मंडळाने मोजणीच थांबवली.

परदेशातून आलेल्या टपाली मतांना मात्र वेगळी मोजपट्टी. पोस्टाचा शिक्का नाही, साक्षीदाराची सही नाही, तरीही बरीच मतं धरली गेली, विशेषतः बुश यांच्या बालेकिल्ल्यांत. न्यूयॉर्क टाइम्सने नंतर तपासलं तेव्हा मोजलेल्या २,४९० पैकी ६८० मतांत दोष निघाले.

गोर यांचं वागणंही निव्वळ तत्त्वाचं नव्हतं. हातमोजणी त्यांनी मागितली ती आपल्या सोयीच्या चार काउंटींत. ८ डिसेंबरला राज्याच्या न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सगळ्या राज्यातली कोरी मतं मोजायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते थांबवलं आणि १२ डिसेंबरच्या रात्री सांगितलं की प्रत्येक काउंटीची कसोटी वेगळी म्हणजे समानतेचा भंग, आणि आता नव्याने मोजायला वेळ नाही. तो निकाल याच प्रकरणापुरता, असंही लिहिलं. यंत्रं, मतपत्रिका, याद्या काउंटीगणिक वेगळ्या होत्याच की! त्या असमानतेबद्दल मात्र काही केलं गेलं नाही.

२००१ मध्ये वृत्तसंस्थांनी ती पावणेदोन लाख मतं एकेक करून तपासून घेतली. गोर यांनी मागितलेली मोजणी झाली असती तर बुश २२५ मतांनी जिंकले असते. दुहेरी मतांसकट सगळं राज्य मोजलं असतं तर गोर, कसोटीनुसार ६० ते १७१ मतांनी. म्हणजे गोर यांना वाचवू शकणारी मतं त्यांनी मागितलीच नव्हती. आणि ज्यांची नावं यादीतूनच गेली, त्यांची तर मतपत्रिकाच नव्हती; ती कुठल्याही फेरमोजणीत येणार कशी?

२००२ च्या केंद्रीय कायद्याने पंचकार्डं हटवायला पैसे दिले, आणि नाव सापडलं नाही तरी तात्पुरती मतपत्रिका द्यायची सोय केली. गुन्ह्यामुळे गेलेल्या मताधिकाराचं काय? २०१८ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनीच जवळपास ६५ टक्क्यांनी घटना बदलली: खून आणि लैंगिक गुन्हे वगळता, शिक्षा संपली की मत परत. २०१९ मध्ये विधिमंडळाने त्यात भर घातली, की दंड आणि कोर्टाची फी चुकती केल्याशिवाय शिक्षा संपली असं धरणार नाही. कुणाकडे किती बाकी आहे याची राज्यभराची एकत्र नोंद तेव्हा सरकारकडे नव्हती. ती काउंटी-काउंटीच्या कोर्टांत फिरून मतदाराने शोधायची.