टेन्युअरच्या फाइलमध्ये न मावणारं काम

पुलित्झर मिळालेलं, मॅकआर्थर फेलोशिप मिळालेली, आणि तरी नोकरी पाच वर्षांच्या करारावर! २०२१ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन पत्रकार निकोल हॅना-जोन्स यांच्या वाट्याला हे आलं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल कॅम्पसवर त्या पत्रकारिता शिकवणार होत्या. तिथल्या 'नाइट चेअर' (Knight Chair) या मानाच्या प्राध्यापकपदावर आधी आलेल्यांना टेन्युअर मिळालं होतं. प्राध्यापकांनी यांच्याही नावाला होकार दिला होता. घोडं अडलं विश्वस्त मंडळात. ज्यांच्या नावाने ते पत्रकारिता स्कूल चालतं, त्या देणगीदारांनी विद्यापीठातल्या वरिष्ठांना ईमेल करून आपल्या शंका कळवल्या होत्या.

टेन्युअर म्हणजे आपल्या भाषेत 'कायम होणं'. पण आपल्याकडच्या प्रोबेशनसारखं नाही हं. साधारण सहा वर्षं घासायची, मग फाइल जाते: शोधनिबंध, ग्रँट, बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं. नकार आला, की बहुतेक ठिकाणी वर्षभरात सामान आवरायचं.

बोभाटा झाला, निदर्शनं झाली, आणि ३० जूनला मंडळाने ९ विरुद्ध ४ मतांनी टेन्युअर दिलं. बाईंनी ते नाकारलं आणि हॉवर्ड गाठलं. हार्वर्ड नव्हे, हॉवर्ड. वॉशिंग्टनमधलं कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ.

पण त्यांना सगळा देश ओळखत होता. साध्या असिस्टंट प्रोफेसरचं काय? २०१८ च्या सरकारी आकडेवारीत, अमेरिकेतल्या पूर्णवेळ फुल प्रोफेसरांमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या जेमतेम २ टक्के. म्हणजे डिपार्टमेंटमध्ये बऱ्याचदा ती एकटीच. विविधतेची समिती? हिला घ्या. नेमणुकीची समिती? हिलाच घ्या. माहितीपत्रकावर फोटो? अहो, ही आहे ना!

समजा, दुपारचे चार वाजलेत. स्क्रीनवर अर्धवट शोधनिबंध, विषय कृष्णवर्णीय बाळंतिणींचे मृत्यू. दार वाजतं. आलेली मुलगी हिच्या वर्गातलीही नाही. पण जे बोलायचंय, ते तिला स्वतःच्या गोऱ्या सल्लागारापुढे बोलता येत नाही. ती रडते. पाऊण तास जातो. फाइलमध्ये यासाठी 'सेवा' नावाचा रकाना आहे खरा, पण मतदानाला बसल्यावर तो कोण उघडतो! तिथे विचारतात, पेपर किती आणि कुठल्या जर्नलमध्ये? वर कुणीतरी हळूच म्हणतं, 'विषय जरा स्वतःपुरताच नाही का?'

मुलगी डोळे पुसून जाते. ही पुन्हा स्क्रीनकडे वळते. कर्सर त्याच ओळीवर लुकलुकतोय, आणि दाराबाहेर बाकावर आणखी एक जण बसलाय.