सलाईनच्या बाटलीत गोठण्याचं सामान नसतं

(ठाण्यात नौपाड्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी चहा घेताना एका आजोबांनी मला विचारलं, "डॉक्टर, सलाईन म्हणजे शेवटी मीठपाणीच ना? मग त्यानं काय अपाय होणार?" आज मी जे बोलणार आहे ते या एकाच प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन संपवून बाहेर आले की नातेवाईक हमखास विचारतात, "किती बाटल्या लावल्या?" जास्त बाटल्या म्हणजे जास्त काळजी घेतली, असा त्यामागचा हिशेब. हा विश्वास उगाच आलेला नाही. १८३२ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत स्कॉटलंडमधल्या लीथ इथे थॉमस लाटा या डॉक्टरांनी शिरेतून मीठपाणी दिलं आणि मरणाच्या दारातली काही माणसं उठून बोलू लागली. कॉलऱ्यात माणसाच्या अंगातून पाणी आणि मीठच जातं, तेव्हा तेच परत देणं अगदी बरोबर होतं. ऑपरेशनमध्ये मात्र रक्त जातं. आणि रक्तातल्या किती गोष्टी बाटलीत नसतात, हे मी एका रात्री शिकले.

बरीच वर्षं झाली. एका छोट्या नर्सिंग होममध्ये मध्यरात्री सिझेरियन होतं. बाळ छान रडलं, पण गर्भाशय आवळेना. रक्त जायला लागलं, बीपी ८० वर आलं. मी दोन्ही हातांच्या सुया पूर्ण सोडल्या, आरएलच्या, म्हणजे रिंगर लॅक्टेट या सलाईनसारख्याच क्षारयुक्त द्रवाच्या बाटल्या दाबून दाबून चढवल्या. पाऊण तासात साडेतीन लिटर. बीपी ११० झालं आणि मला हायसं वाटलं. तेवढ्यात सर्जन मॅडम म्हणाल्या, "अगं, टाक्यांच्या भोकांतून झिरपतंय." मी वाकून बघितलं. मॉपवरचं, म्हणजे रक्त टिपायच्या कापडावरचं रक्त गुलाबी आणि पातळ होतं, त्यात गुठळी म्हणून नव्हती. हाताच्या सुईच्या कडेनेही रक्त ओघळत होतं.

काय झालं होतं? तुमच्यापैकी ज्यांनी घरी खरवस केलाय त्यांना लगेच कळेल. चिकात दूध बेतानं घालावं लागतं. वाढवायच्या हौसेनं जास्त घातलं की कितीही वाफवा, वडी पडत नाही. रक्ताच्या गुठळीतला चीक म्हणजे फायब्रिनोजेन. यकृतात तयार होणारं हे प्रथिन. जखम झाली की त्याचे फायब्रिन नावाचे धागे बनतात आणि त्या जाळ्यात प्लेटलेट, तांबड्या पेशी अडकून बसतात. साधारणपणे १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. गरोदरपणाच्या शेवटी आणखी वाढतं, कारण बाळंतपणात रक्तस्राव होणार याची तयारी शरीर आधीपासून करत असतं. मला हे नेहमीच फार विलक्षण वाटतं. पण मोठ्या रक्तस्रावात नुसत्या पाण्यानं भरपाई केली, तर धोक्याच्या पातळीखाली सगळ्यात आधी हेच प्रथिन जातं. त्याचा वेगळा साठा शरीरात नसतो आणि यकृत ते तासाभरात भरून काढू शकत नाही.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी. थोडं पातळ झालेलं रक्त उलट लवकर गोठतं, असं पुष्कळ प्रयोगांत दिसलंय. गोठणं आवरून धरणारी प्रथिनंही त्या पाण्यानं विरळ होतात, म्हणून तसं होत असावं. तेव्हा साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला लिटरभर आरएल लागलं म्हणून घाबरू नका. पातळपणा एका हद्दीपलीकडे गेला की मगच तोल उलटा फिरतो.

पाणी कोणतं, यानंही फरक पडतो. साध्या सलाईनमध्ये लिटरला १५४ एकक क्लोराइड असतं, रक्तात शंभरच्या आसपास. ते खूप दिलं की रक्तातलं आम्ल वाढतं आणि गोठवणाऱ्या प्रथिनांचं काम मंदावतं. आरएलमध्ये क्लोराइड १०९ च्या घरात, म्हणून तो त्रास कमी. मग एक काळ स्टार्चच्या बाटल्यांचा आला. मक्याच्या किंवा बटाट्याच्या स्टार्चवर प्रक्रिया करून केलेला हा द्रव शिरेत जास्त वेळ टिकतो, त्यामुळे आम्ही सगळेच त्यावर खूश होतो. पण तो नुसता रक्त पातळ करून थांबत नाही. प्लेटलेटला चिकटायला मदत करणारं प्रथिन तो कमी करतो आणि फायब्रिनच्या धाग्यांची वीण सैल करतो. पुढे गंभीर रुग्णांच्या मूत्रपिंडाला अपाय होतो हे दिसलं, आणि २०२२ मध्ये युरोपीय संघानं तो स्थगित केला.

आणि थंडी! ही गोष्ट मला फार जवळची आहे, कारण तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, एसी २०-२२ वर असतो आणि बाटलीही तेवढीच गार. मोठ्या माणसाला असं एक लिटर दिलं की अंगाचं तापमान साधारण पाव अंशानं उतरतं. चार लिटरला एक अंश, शिवाय पोट उघडं. थंड अंगात प्लेटलेट नीट चिकटत नाहीत. गंमत अशी की प्रयोगशाळेत रक्त ३७ अंशांवर गरम करून तपासतात. बाई ३४ वर कुडकुडत असते आणि रिपोर्ट येतो नॉर्मल. म्हणून ज्या ओटीत बाटल्या कोमट करायची सोय आहे, तिथे मला निम्मी काळजी कमी वाटते.

त्या रात्री आमच्याकडे रिपोर्टची वाट बघायला वेळच नव्हता. मी काचेच्या साध्या टेस्ट ट्यूबमध्ये तिचं पाच मिली रक्त घेतलं, नळी मुठीत धरून ऊब दिली आणि घड्याळ लावलं. निरोगी रक्त सात मिनिटांत घट्ट होतं. सात मिनिटांनी मी नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. फायब्रिनोजेन जवळपास संपलं होतं, आणि त्यात मी ओतलेल्या साडेतीन लिटरचा वाटा होता.

मी दोन्ही लाइनी मंद केल्या. बीपी ९० वर राहिलं तरी चालेल, असं ठरवलं. सर्जन मॅडमनी गर्भाशय दोन्ही हातांत दाबून धरलं. सिस्टरनी गरम पाण्याच्या पातेल्यात बाटल्या ठेवल्या आणि बाईच्या अंगावर होती नव्हती ती सगळी पांघरुणं घातली. बाळाचा मामा बर्फाची पेटी घेऊन रक्तपेढीत धावला. प्लाझ्मा म्हणजे रक्तद्रव आणि क्रायो म्हणजे त्यातून काढलेला, फायब्रिनोजेन भरपूर असलेला भाग; दोन्ही गोठवलेले असतात, वितळायला अर्धा तास लागतो, त्यात घोडबंदर रोडला ट्रकांची रांग. तो परत आला तेव्हा दीड तास उलटून गेला होता.

रक्त, प्लाझ्मा, क्रायो चढवलं. पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय गुठळी होत नाही, म्हणून कॅल्शियमही दिलं. हळूहळू टाक्यांची भोकं कोरडी पडायला लागली. पहाटे साडेचारला मी दुसरी नळी भरली आणि पुन्हा मुठीत धरली. सहाव्या मिनिटाला उलटी केली. गुठळी तळाला घट्ट धरून होती. मी ती नळी सर्जन मॅडमना दाखवली, त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि पोट शिवायला घेतलं.