फटका कोण मारतं?

श्रोतेहो, नमस्कार. आमच्या लालबागच्या चाळीत धोटा म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नसे. कापड विणताना आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो, तो धोटा. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. टोक झिजलेला एक धोटा त्यांनी घरी आणला होता, त्याची आम्ही भावंडांनी होडी केली. पुढे रसायनशास्त्र शिकवायला लागल्यावर हाच धोटा मला एका रेणूत भेटला.

१९९१ साली इंग्लंडात शेफिल्डला रसायनशास्त्रज्ञ फ्रेझर स्टॉडार्ट यांनी तो रेणू बनवला. एका लांबट रेणूची सळई, तिच्यात ओवलेली एक कडी, आणि कडी निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना जाड बोंडं. कडी आणि सळई यांच्यात रासायनिक बंध नाही. बोटातल्या अंगठीसारखी ती नुसती अडकलेली. सळईवर दोन थांबे. खोलीच्या तापमानाला कडी त्यांच्यामध्ये सेकंदाला सुमारे ५०० वेळा ये-जा करते. म्हणून नावही पडलं ते रेणवीय धोटा.

वडिलांना हे सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "मग फटका कोण मारतं?"

प्रश्न साच्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचा. तिथे दर खेपेला दांड्याचा फटका बसला नाही, तर धोटा हलत नाही. इथे फटके मारतात भोवतालच्या द्रवाचे रेणू. उष्णतेमुळे त्यांची अखंड धक्काबुक्की चालू असते. संध्याकाळी दादरच्या पुलावर आपण न चालताही कुठेतरी पोचतो ना, तसंच. पण या धक्क्यांना दिशा नसते. कडीने कुठे थांबायचं, हे विद्युतभार ठरवू शकतो.

त्या कडीवर चार धनभार होते. १९९४ साली स्टॉडार्ट आणि सहकाऱ्यांनी दोन थांबे मुद्दाम वेगवेगळे ठेवले, त्यांतला एक कडीच्या जास्त पसंतीचा. आम्ल घातलं की नेमक्या त्याच थांब्यावर धनभार चढतो, आणि कडी दुसऱ्या थांब्यावर लोटली जाते. आम्लाचा परिणाम घालवला की कडी परत पहिल्या जागी. २०१६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये सोवाज आणि फेरिंगा यांच्यासोबत स्टॉडार्टही होते.

आता सळईऐवजी पॉलिमरचा, म्हणजे साखळीसारख्या लांबलचक रेणूचा दोरा घ्या, त्यात पुष्कळ कड्या ओवा. जपानमध्ये अकिरा हाराडा यांनी १९९२ साली हे केलं. कड्या स्टार्चपासून मिळणाऱ्या. २००१ मध्ये ओकुमुरा आणि इतो यांनी शेजारच्या दोऱ्यांवरच्या कड्या एकमेकींना जोडून त्यांचं जेल बनवलं. ताण आला की दोरा कड्यांमधून कप्पीतल्यासारखा सरकतो. ताण एका जागी साठत नाही, म्हणून ते जेल कितीतरी पट ताणलं जातं.

कड्यांवर एकाच जातीचा भार असेल, तर त्या एकमेकींना लोटत दोऱ्यावर पसरतात. उलट भाराचे छोटे आयन, म्हणजे भारित कण, भोवती हिंडतात आणि पाणी जेलच्या आत ओढतात. मीठ टाका, भार झाकले जातात, लोटालोटी मंदावते.

यातला मिठाचा भाग घरी बघता येईल. बाळाच्या डायपरमध्ये पाणी शोषणारी पूड असते. तिच्यात कड्या नसतात, पण भारित पॉलिमर असतो. थोडी पूड नळाच्या पाण्यात टाका, थोडी गिरगाव चौपाटीच्या. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. तिथे ती खूपच कमी फुगेल. पाणी आधी गाळून घ्या मात्र. चौपाटीच्या पाण्यात मिठाखेरीजही बरंच काही असतं.